अंगण कुणाचं?

'अंगणवाडी' हा शब्द आपण इतक्या सवयीनं वापरतो, की त्यातलं अंगण कुणाचं हे विचारायचं राहूनच जातं. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली आणि अंगणात भरू लागली. मूल ओळखीच्या जागेत होतं, आई हाकेच्या अंतरावर होती.

मूल रुळण्याचं मर्म मला इथंच दिसतं. तीन वर्षांच्या मुलाला 'आई बारा वाजता येईल' हे कळत नाही, कारण घड्याळ अजून त्याचं झालेलं नसतं. त्याला क्रम कळतो: आधी गाणं, मग खाऊ, मग गोष्ट, मग आई. हा क्रम रोज तसाच घडला की रडणं हळूहळू ओसरतं. आई नजर चुकवून सटकली, तर त्या सकाळपुरती सुटका होते; दुसऱ्या दिवशी मात्र मूल पदर सोडत नाही. काही मुलं आठ-दहा दिवस कोपऱ्यात नुसती बघत बसतात. बालवाडीतल्या ताईंना वाटतं, हे काहीच करत नाही. घरी मात्र तेच मूल सगळं गाणं हातवाऱ्यांसह म्हणून दाखवतं. बघणं हेही शिकणंच आहे.

पुढे १९५७ मध्ये ताराबाई आणि अनुताईंचं हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. लहान-मोठे खडे वेगळे करताना मूल गणितच करत असतं आणि खडा त्याच्या ओळखीचा असल्यानं हात बिचकत नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिथं एकत्र होती. धाकट्याला कडेवर घेऊन फिरणाऱ्या बहिणीलाही त्यामुळे शाळेत बसता आलं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. शहरातल्या नर्सरीत मात्र आज तीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल देण्याची घाई असते. ती बोटं आधी माती मळायला, मणी ओवायला हवीत.

येत्या जूनमध्ये तुमचं मूल पहिल्यांदा शाळेत जाणार असेल, तर त्याला सांगून निघा, ठरल्या वेळी न्यायला या आणि पहिला महिनाभर त्याची वही उघडू नका.