प्रिंटर भंगारात देण्याआधी

घरचा लेझर प्रिंटर कागद ओढेनासा झाला, की पहिला संशय एका छोट्या रबरी रोलरवर घ्यावा. याला पिकअप रोलर म्हणतात. ट्रेमधला वरचा कागद उचलून आत ढकलणं एवढंच त्याचं काम. नवा असताना त्याचं रबर मऊ आणि किंचित खरखरीत असतं. हळूहळू कागदाची भुकटी त्यावर बसते, रबर कडक आणि गुळगुळीत होतं. मग मोटर फिरते, आवाज येतो, पण कागद जागचा हलत नाही. दुरुस्तीवाला सांगतो, ‘आता याचे पार्ट मिळत नाहीत, नवीनच घ्या.’ मला या वाक्याचा राग येतो, कारण बहुतेक वेळा ते खरं नसतं.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि आता चिपळूणला राहते. दहावी-बारावीचे प्रोजेक्ट सुरू झाले, की आसपासचे पालक बंद पडलेले प्रिंटर घेऊन येतात. ‘मॅडम, जरा बघता का?’ मी आधी मागते ते शेवटचं बिघडलेलं पान. प्रिंटरचं दुखणं बहुतेक वेळा पानावर उमटलेलं असतं.

पानावर ठरावीक अंतराने तोच ठिपका येत असेल, तर पट्टीने अंतर मोजावं. ड्रम म्हणजे ज्यावर अक्षरं आधी उमटतात तो दंडगोल. घरगुती लेझर प्रिंटरमध्ये त्याचा व्यास बहुधा २४ मिमी असतो, म्हणजे त्याचा एक फेरा सुमारे ७५ मिमीचा. ठिपके तेवढ्याच अंतरावर असतील तर ड्रमवर ओरखडा आहे. पुष्कळ प्रिंटरमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो, तेव्हा मशीन उघडायचं कारणच उरत नाही. अक्षरं बोटाने पुसली जात असतील, तर टोनर, म्हणजे छपाईची भुकटी, वितळून कागदाला चिकटत नाही, म्हणजे ती तापवणाऱ्या फ्यूझरमध्ये बिघाड. पान पूर्ण कोरं निघत असेल, तर कागद अर्ध्या वाटेवर असताना झाकण उघडायचं, कार्ट्रिज काढायचं आणि ड्रम बघायचा. ड्रमवर अक्षरं आहेत पण कागदावर नाहीत, तर ती कागदावर उतरवणारा ट्रान्सफर रोलर तपासायचा. ड्रमही कोरा असेल, तर दोष लेझरच्या किंवा कार्ट्रिजच्या बाजूला. या तपासणीला एक पैसा लागत नाही आणि कुणी उगाच ‘लॉजिक कार्ड गेलं’ म्हणालं, तर आपण शांतपणे प्रश्न विचारू शकतो.

आता रोलरकडे येऊ. एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर आपल्याकडे घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसतात. नावं वेगळी असली तरी आतलं यंत्र जवळपास एकच, त्यामुळे पिकअप रोलर एकाचा दुसऱ्याला चालतो. प्लग काढून प्रिंटर अर्धा तास निवू द्यावा. झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर काढावं आणि जाड कापडाने झाकून ठेवावं, ड्रमला उजेड सोसत नाही. आतल्या पोकळीत काळा, अर्धगोल रोलर दिसेल. त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक खिट्ट्या असतात. त्या सोडवून रोलर आपल्याकडे फिरवला, की तो अलगद हातात येतो. यात एकही स्क्रू नाही. पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने तो घासायचा, कोरडा पुसायचा आणि परत बसवायचा. थिनर लावू नका, रबर खराब होतं. पृष्ठभाग फारच चकचकीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. काही दिवस निभतं, तोवर नवा रोलर मागवता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन तो सुटा मिळतो.

एकाच वेळी तीन-चार कागद आत जात असतील, तर रोलरऐवजी समोरचं, कागद एकेक सुटा करणारं सेपरेशन पॅड झिजलेलं असतं. तेही बदलता येतं. मात्र त्याआधी कागदाकडे बघा. आमच्या कोकणात पावसाळ्यात उघडे ठेवलेले कागद हवेतलं पाणी पितात आणि एकमेकांना चिकटतात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवली आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घातले, तर निम्मी तक्रार तिथेच मिटते.

शाईच्या प्रिंटरचं दुखणं निराळं. बरेच दिवस न वापरल्याने शाई फवारणाऱ्या हेडच्या छिद्रांत शाई सुकते आणि लोक हेड क्लीनिंगचं बटण दाबत बसतात. प्रत्येक वेळी उपसलेली शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या नमद्यात जाते. तो भरला असं मोजणीत आलं, की काही प्रिंटर छापणंच थांबवतात. म्हणून एक-दोनदा क्लीनिंग करून थांबावं. मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेला टिश्यू पेपर हेडखाली रात्रभर ठेवावा आणि सकाळी तो काढूनच प्रिंटर सुरू करावा. हेड एका बाजूला जाऊन धाडधाड आपटत असेल, तर त्याच्या मागची पारदर्शक पट्टी बघा. त्या पट्टीवरच्या बारीक रेषा वाचून हेड स्वतःची जागा ओळखतं. तिच्यावर शाई किंवा ग्रीस लागलं, की त्याला जागा सापडत नाही. ओलसर कापडाने ती हलकेच पुसायची, ओढायची नाही.

तुटलेल्या प्लास्टिकचं मात्र सगळं साधत नाही. स्कॅनरच्या झाकणाची बिजागरी मोडली, तर बारीक भोक पाडून पेपरक्लिपची तार खिळीसारखी बसवता येते. ट्रेचा कोपरा एपॉक्सीने जोडता येतो. गिअरचा दात तुटला तर फेविक्विक व्यर्थ आहे. बरेच गिअर ज्या निसरड्या प्लास्टिकचे असतात, त्याला डिंक धरतच नाही. तो गिअर दुसऱ्या जुन्या प्रिंटरमधून काढावा किंवा थ्रीडी प्रिंटरवर करून घ्यावा.

पॉवर सप्लायच्या पत्र्याच्या पेटीला हात लावू नका, प्लग काढल्यावरही तिथल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. फ्यूझर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, ते काम जाणकाराकडे द्या. सांडलेल्या टोनरवर घरचा व्हॅक्यूम क्लीनर चालवू नका, भुकटी फिल्टरमधून निसटून घरभर होते. कपड्यांवर पडली तर झटकून थंड पाण्यात धुवा, गरम पाण्याने टोनर पक्का बसतो.

आपलं यंत्र आपल्याला दुरुस्त करता यावं, ही लढाई जुनी आहे. १९८०च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर सारखा अडकायचा. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांना त्याच्या प्रोग्रॅममध्ये सुधारणा करायची होती, पण मूळ कोड त्यांना नाकारला गेला. पुढे १९८३ साली त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हाही अनुभव होता. आपल्या केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. माझी मागणी त्याहून साधी आहे : प्रत्येक प्रिंटरच्या खोक्यात रोलर, पॅड आणि गिअर यांचे पार्ट नंबर छापलेला एक कागद असावा. तोपर्यंत, खरोखर मेलेला प्रिंटर ई-कचऱ्यात देण्याआधी त्याचे रोलर, गिअर आणि स्प्रिंगा काढा आणि मॉडेलचं नाव लिहून डबीत ठेवा.