अर्धसंवाहक पृष्ठांची इलेक्ट्रॉनीय संरचना

अर्धसंवाहक स्फटिकाच्या पृष्ठालगतच्या काही अणुथरांतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा-अवस्थांची मांडणी. तिचा अभ्यास मुख्यत्वे वर्णपटविज्ञानाच्या पद्धतींनी होतो.

सिलिकॉनाच्या अंतर्भागातील प्रत्येक अणू चार शेजारी अणूंशी बद्ध असतो. पृष्ठावरील अणूंचे काही बंध मात्र अतृप्त राहतात. त्यांमुळे संयुजा पट्ट व संवहन पट्ट यांमधील निषिद्ध ऊर्जा-अंतरातही (सिलिकॉनात सु. १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट) अवस्था निर्माण होऊ शकतात. त्यांना पृष्ठ-अवस्था म्हणतात. टाम (१९३२) व शॉक्ली (१९३९) यांनी त्यांचे सैद्धांतिक विवेचन केले.

महत्त्व : बाह्य विद्युत् क्षेत्राने अर्धसंवाहकाची संवाहकता बदलण्याचे आरंभीचे प्रयत्न फसले. पृष्ठ-अवस्थांतील इलेक्ट्रॉन त्या क्षेत्राला अंतर्भागात शिरू देत नाहीत, असे स्पष्टीकरण बार्डीन यांनी दिले. या प्रश्नाच्या पाठपुराव्यातूनच डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टराचा शोध लागला. पुढे सिलिकॉनावर ऑक्साइडाचा थर वाढवून बहुतेक अतृप्त बंध तृप्त करता आले व क्षेत्र-परिणाम ट्रँझिस्टर व्यवहारात आला.

प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञान : नमुन्यावर जंबुपार प्रारण वा क्ष-किरण पाडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची गतिज ऊर्जा मोजतात. फोटॉनाच्या ऊर्जेतून ही ऊर्जा व पृष्ठातून सुटण्यास लागणारी ऊर्जा (कार्यफलन) वजा केली की इलेक्ट्रॉनाची मूळ बंधन-ऊर्जा मिळते. उत्सर्जनाच्या कोनावरून त्याचा पृष्ठाशी समांतर संवेगही कळतो. सु. ५० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन ऊर्जा न गमावता घन पदार्थात जेमतेम ०.५ ते १ नॅनोमीटर जाऊ शकतो. त्यामुळे वरच्या मोजक्या थरांचीच माहिती मिळते.

हीच संवेदनशीलता प्रयोग कठीण करते. १०⁻⁴ पास्काल दाबाला स्वच्छ पृष्ठावर वायूचा एक अणुथर साधारण एका सेकंदात बसू शकतो; म्हणून १०⁻⁸ पास्काल वा त्याहून कमी दाबाचे निर्वात लागते. मात्र याच गुणाचा कसोटी म्हणूनही उपयोग होतो : अल्प वायू सोडताच वर्णपटातील एखादे शिखर लोपले, तर ते बहुधा पृष्ठ-अवस्थेचे असते. सिलिकॉनावरील व्याप्त पृष्ठ-अवस्था ईस्टमन व ग्रोबमन, तसेच वॅग्नर व स्पायसर यांनी १९७२ मध्ये या पद्धतीने प्रत्यक्ष दाखविल्या. रिक्त अवस्थांसाठी व्यस्त प्रक्रिया वापरतात : तीत इलेक्ट्रॉन पाडून बाहेर पडणारे फोटॉन मोजतात.

भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-१ हे ४५० मेगा-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे संचय-वलय १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. त्याचे सिंक्रोट्रॉन प्रारण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटविज्ञानासाठी वापरले गेले आहे.