पाटी आणि मेज : टॅब्लेटवर व्यवसायाचे काम भागेल काय?

व्यवसायाच्या कामासाठी लॅपटॉप घ्यावा की टॅब्लेटवर भागवावे, हा प्रश्न आज हुडकेश्वरसारख्या वस्तीत घरोघरी निघतो. म्हाळगीनगरापासून हुडकेश्वरपर्यंत पूर्वी जेथे शेते होती तेथे लेआउट पडले, घरे उभी राहिली, आणि ग्रामपंचायतीचे हे गाव नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. या घरांत शिक्षक आहेत, कारकून आहेत, बांधकामाचे अभियंते, विमा-प्रतिनिधी, हिशेबनीस आणि नुकत्याच पदवीधर झालेल्या मुली-मुलगे आहेत. यांपैकी बहुतेकांना दोन्ही यंत्रे घेणे परवडणारे नाही. एकच घ्यावयाचे आणि ते चार-पाच वर्षे पुरले पाहिजे. म्हणून हा प्रश्न हौसेचा नव्हे, संसाराच्या हिशेबाचा आहे. आणि त्याचे उत्तर दुकानदारावर सोपवून चालावयाचे नाही.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. टॅब्लेट म्हणजे काचेची पाटी. तिच्यावर बोटाने किंवा लेखणीने काम करावयाचे. लॅपटॉप म्हणजे बिजागरीने जोडलेले दोन भाग : वर पडदा, खाली कळफलक. परंतु हा केवळ देहाचा भेद झाला. यंत्राला मनही असते, म्हणजे ते चालविणारी कार्यप्रणाली. काही यंत्रांचा देह पाटीचा असतो आणि मन लॅपटॉपचे. तेव्हा वाद घालण्यापूर्वी आपण देहाविषयी बोलत आहो की मनाविषयी, हे ठरवून घेतले पाहिजे. पुष्कळसा घोटाळा येथेच होतो.

पाटीची कल्पना नवी नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ साली मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाचे चित्र मांडले व त्यास ‘डायनाबुक’ असे नाव दिले. त्या काळी असे यंत्र बनविणे शक्य नव्हते. १९८१ साली बाजारात आलेला ‘ऑस्बोर्न’ हा उचलून नेता येणारा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता; तो उचलणाऱ्याचा खांदाच त्याची किंमत सांगे! पुढे २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने लेखणीवर चालणारे टॅब्लेट-संगणक निघाले, पण ते फारसे रुजले नाहीत. २७ जानेवारी २०१० रोजी ॲपल कंपनीने आयपॅड जाहीर केला आणि पाटी घराघरात गेली. २०१२ साली मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस’ काढला, त्याला आवरणातच कळफलक होता. २०१५ साली मोठ्या आयपॅडलाही कळफलक आणि लेखणी जोडण्याची सोय झाली. या इतिहासात एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. ॲलन के यांच्या मूळ चित्रातही पडद्याखाली कळफलक होताच. म्हणजे पाटीला कामाचे यंत्र करावयाचे म्हटले की कळा परत येतात.

आता सामर्थ्याचा प्रश्न. पाटी ‘दुबळी’ असते, हा समज आज महागड्या पाट्यांबाबत तरी खरा नाही. २०२१ साली ॲपलने आपल्या लॅपटॉपमधील एम-१ हीच चीप आयपॅड प्रोमध्ये बसविली. मेंदू एकच, मग काम वेगळे का? कारण घराची रचना वेगळी. लॅपटॉप हा जुन्या वाड्यातील मोठ्या दिवाणखान्यासारखा आहे. मधोमध एक मेज, त्यावर चार फायली उघड्या, हिशेबाची वही एकीकडे, पत्र दुसरीकडे, आणि हवे ते हवे तिकडे ओढता येते. पाटी ही चाळीसारखी आहे. प्रत्येक ॲपची खोली स्वतंत्र, दार बंद, आणि एका खोलीतील वस्तू दुसरीत न्यावयाची तर ठरलेल्या दारातूनच न्यावी लागते. या बंदोबस्ताचा फायदाही आहे. एका खोलीत चोर शिरला तरी तो सहसा दुसरीत जात नाही, आणि नवख्याच्या हातून यंत्र सहजासहजी बिघडत नाही. अलीकडे या भिंती काहीशा खाली आल्या आहेत. २०२५ च्या कार्यप्रणालीत आयपॅडवरही लहानमोठ्या खिडक्या मांडता येऊ लागल्या. तरी दहा कागद एकदम पसरून काम करणाऱ्याला मेज ते मेजच वाटते.

दुसरा भेद हातांचा आहे. आपल्या राज्यात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीला मराठी टंकलेखनाचा मिनिटास ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग मागतात. हा वेग कसा साधतो? बोटांना कळांच्या कडा कळतात आणि इंग्रजी ‘एफ’ व ‘जे’ या कळांवरील बारीक उंचवट्यांनी दोन्ही तर्जन्यांना आपले घर सापडते. त्यामुळे डोळे कागदावर राहतात आणि बोटे आपोआप चालतात. काचेला कडा नाही, उंचवटा नाही. म्हणून डोळ्यांना बोटांवर पहारा करावा लागतो आणि वेग तुटतो. मराठीत तर जोडाक्षरे आहेत. १९९१ च्या भारतीय मानकातील इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला दिली आहेत, ती दोन्ही हात तालात चालावेत म्हणूनच. तो ताल काचेवर धरता येत नाही. चार ओळींच्या निरोपाला काच पुरे. चाळीस पानांच्या अहवालाला पुरत नाही.

हे सर्व तत्त्व झाले. आता आपल्या नित्य परिचयाचे उदाहरण घेऊ. ज्या हुडकेश्वरात शेतांचे प्लॉट झाले, तेथे सातबारा हा शब्द कोणाला ठाऊक नाही? ‘सात’ म्हणजे मालकी हक्काचा गाव नमुना ७ आणि ‘बारा’ म्हणजे पिकांच्या नोंदीचा गाव नमुना १२. गंमत अशी की, या एकाच उताऱ्याचे दोन भाग आज दोन जातींच्या यंत्रांवर तयार होतात.

पिकांचा भाग पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाइल घेऊन बांधावर जातो, पीक व क्षेत्र निवडतो, पिकाचे छायाचित्र काढतो, आणि ते कोठे काढले त्याचे अक्षांश-रेखांश यंत्र आपोआप टिपते. हे काम लॅपटॉपचे नव्हेच. एका हातात धरता येणारे, उभ्याने चालणारे, डोळा असलेले यंत्र येथे पाहिजे. मेज बांधावर नेता येत नाही.

आता मालकीचा भाग पाहा. खरेदीखत नोंदले गेले की पटवाऱ्याने, म्हणजे तलाठ्याने, गाव नमुना ६ मध्ये फेरफार घ्यावयाचा, संबंधितांना नोटीस काढावयाची, हरकतीसाठी १५ दिवस वाट पाहावयाची आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. येथे जुना उतारा, नवे खत, नावांची शुद्धता व क्षेत्राची बेरीज हे सर्व शेजारी-शेजारी ठेवून ताडावे लागते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ती स्वाक्षरी करण्याची किल्ली एका लहानशा चिपेत असते, आणि ती चीप संगणकाच्या खोबणीत बसवावी लागते. ही सारी मांडणी लॅपटॉप डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. एका अक्षराची चूक झाली तर एखाद्याचा प्लॉट वर्षानुवर्षे कज्ज्यात अडकावयाचा. म्हणून हे काम मेजावरच शोभते.

या एका उदाहरणात आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आले. जेथे माहिती जन्मते तेथे पाटी. जेथे माहिती ताडून, जुळवून, जबाबदारीने कायम करावयाची तेथे मेज. २०११ साली देशात सामाजिक, आर्थिक व जातविषयक गणना झाली, तीतही प्रगणकाबरोबर हातात धरावयाची टॅब्लेट-यंत्रे दारोदार गेली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अंदाजपत्रक कागदाऐवजी लाल आवरणातील टॅब्लेटवरून वाचले. पाहणाऱ्यांना वाटले, कागद गेला आणि पाटी आली. ते खरेही आहे. पण तिने वाचावयाच्या कागदाची जागा घेतली. आकडेमोडीच्या मेजाची नव्हे.

या कसोटीवर निरनिराळे व्यवसाय लावून पाहू. वकिलाला न्यायालयात शेकडो पानांचे दप्तर वाहण्याऐवजी पाटी फार सोयीची. खुणा करता येतात आणि पान शोधता येते. परंतु याचिका लिहावयाची ती कार्यालयात, कळफलकावर. बांधकामाच्या अभियंत्याला जागेवर नकाशा मोठा करून गवंड्याला दाखविण्यास पाटी उत्तम. तो नकाशा काढावयाचा मात्र मोठ्या पडद्यावर, माऊस हाती घेऊन. हिशेबनिसाचे टॅली आजही विंडोज संगणकावरच नांदते. छपाईच्या दुकानात जुन्या फाँटांत केलेल्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका पडून असतात. त्या पाटीवर उघडल्या तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. उलट चित्रकार, व्यंगचित्रकार, गृहसजावटकार आणि गणित शिकविणारा शिक्षक यांच्या बाबतीत पाटी लॅपटॉपवर मात करते, कारण त्यांचे काम लेखणीचे आहे. विमा-प्रतिनिधी, औषध कंपनीचा फिरता विक्रेता, आशा कार्यकर्ती यांचे मेज म्हणजे लोकांचे उंबरठेच; त्यांना पाटी पुरते.

पाटीचे अभिमानी म्हणतील, “कळफलक जोडा म्हणजे झाले!” जोडा ना, पण हिशेब करा. १३ इंची आयपॅड प्रोचे वजन सुमारे ५८० ग्रॅम भरते. त्याला कंपनीचा कळफलक जोडला की ते सव्वा किलोच्या घरात जाते, आणि त्याच कंपनीचा हलका लॅपटॉपही सव्वा किलोचाच आहे. वजनाचा लाभ गेला. कळफलक व लेखणी निराळी विकत घेतल्याने किमतीचाही गेला. ते म्हणतील, “आता बोलून लिहिता येते.” खरे आहे, यंत्र मराठी बोली ऐकून बरेचसे बरोबर उतरविते. पण उतरविणे निराळे आणि दुरुस्त करणे निराळे. परिच्छेद हलवावयाचे, आकडे तपासावयाचे, एका वाक्याचे तीन प्रकार करून पाहावयाचे, ही कामे बोलून होत नाहीत. शिवाय गजबजलेल्या कार्यालयात चार जण एकदम यंत्राशी बोलू लागले, तर काय कोलाहल माजेल याची कल्पना करावी.

आपल्या नागपुराची म्हणून एक खास अडचण आहे, ती जाहिरातीत नसते. ॲपलने आपली पाटी ० ते ३५ अंश सेल्सियस तपमानात वापरावी असे सांगितले आहे. नागपुरात वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो. लॅपटॉपची मर्यादाही जवळपास तीच आहे, परंतु लॅपटॉप बहुधा पंख्याखाली बसतो आणि पुष्कळ लॅपटॉपांना आत स्वतःचा पंखाही असतो. पाटी आपण उन्हात नेतो, आणि ती आपली उष्णता पाठीतूनच बाहेर टाकते. तापली की ती प्रथम पडदा मंद करते आणि अखेर काम थांबविते. दुपारी जागेवर काम करणाऱ्याने सावलीचा आणि सकाळच्या प्रहराचा हिशेब ठेवावा हे बरे.

विद्यार्थ्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण नुकसान झालेच तर त्यांचे मोठे होते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी भारत सरकारने ‘आकाश’ नावाचा स्वस्त टॅब्लेट जाहीर केला. सात इंची पडदा, सरकारला पडणारी किंमत २,२७६ रुपये. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती संगणक द्यावा, हा हेतू निःसंशय थोर होता. पहिली आवृत्ती मंद ठरली; पुढील आवृत्तीचे काम पवईच्या आय.आय.टी.कडे आले व ती २०१२ च्या नोव्हेंबरात निघाली. तरी या योजनेने विद्यार्थ्यांच्या संगणकाची जागा घेतली नाही. स्वस्ताईच्या दोषांखेरीज त्याचे आणखी एक कारण सांगता येईल : पाटीवर ज्ञान पाहता येते, पण त्याची निर्मिती करण्यास तेथे जागा कमी पडते. आज्ञावली लिहिणे, मोठा तक्ता बांधणे, प्रबंध रचणे ही कौशल्ये मेजावर येतात. मिहानमधील कचेरीत असो वा महालातील पेढीवर, नोकरी देणारा ही कौशल्ये तपासतो. २०२० च्या टाळेबंदीत हजारो मुलांचे शिक्षण हातातल्या काचेवर झाले. ती मुले बोट सरकविण्यात तरबेज आहेत. परंतु दहा बोटांनी टंकलेखन करणे आणि फायली नीट लावून ठेवणे पुष्कळांना येत नाही. हा दोष मुलांचा नव्हे. जे हत्यार हाती दिले तेच ती चालविणार. ज्याच्या घरी दोन्ही यंत्रे आहेत त्याला ही चिंता नाही. ज्याच्या घरी एकच येणार आहे त्याच्याच मुलांचे भवितव्य या निवडीत गुंतलेले आहे.

तेव्हा खरेदीपूर्वी एक साधी गोष्ट करावी. एक आठवडाभर आपल्या कामाची टाचणे कागदावर ठेवावी : किती वेळ वाचले, किती वेळ खुणा केल्या किंवा चित्रे काढली, किती वेळ लिहिले, आणि किती वेळा दोनतीन कागद शेजारी मांडून ताडले. आपल्या कामाला लागणारे एखादे खास सॉफ्टवेअर, छापयंत्र किंवा स्वाक्षरीची चीप पाटीला मानवते की नाही, हे दुकानातच प्रत्यक्ष चालवून पाहावे. वाचन, खूण आणि फिरती यांचे पारडे जड निघाले तर खुशाल पाटी घ्यावी. लेखन आणि ताडणी यांचे जड निघाले तर लॅपटॉपच घ्यावा, मग तो साधा का असेना. आणि दोन्ही पारडी समान निघाली तर, पैसा एकाच यंत्राचा असल्यास, मेज आधी घ्यावे. कारण मेजावर बसून वाचताही येते, पण पाटी हाती धरून मेजाची सगळी कामे होत नाहीत.