‘गंड’ आणि ‘अंतर्मुख’ हे शब्द आले कुठून?

“त्याला न्यूनगंड आहे”, “ती फार अंतर्मुख आहे” अशी वाक्ये शिक्षकांच्या खोलीत सहज ऐकू येतात. रत्नागिरीतील शिक्षकांशी बोलताना मीही ती अनेकदा ऐकली आहेत. या शब्दांमागे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक वैज्ञानिक वाद दडलेला आहे.

व्हिएन्नातील सिग्मंड फ्रॉइड (जन्म १८५६) यांचा खाजगी दवाखाना होता. तेथे येणारे रुग्ण बहुतांशी चालते-बोलते, पण अकारण भीती किंवा उन्माद यांनी त्रासलेले असत. त्यांना बोलते करून फ्रॉइड या निष्कर्षाला आले की, दडपलेल्या इच्छा, मुख्यतः कामप्रेरणा, मनाच्या नेणिवेत राहतात आणि लक्षणांच्या रूपाने वर येतात. या विचाराला व उपचारपद्धतीला त्यांनी मनोविश्लेषण म्हटले.

कार्ल युंग (जन्म १८७५) यांची सुरुवात वेगळ्या ठिकाणी झाली. डिसेंबर १९०० मध्ये ते झुरिचच्या बुर्गहॉल्झली मनोरुग्णालयात रुजू झाले. रत्नागिरीतही १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. तेव्हा अशा रुग्णालयातील डॉक्टरसमोर कोणते रुग्ण येतात, याची कल्पना येथील वाचकांना करता येईल. वास्तवाशी नातेच तुटलेले, भास होणारे रुग्ण युंग रोज पाहत होते.

तेथे त्यांनी एक साधा प्रयोग केला. शंभर शब्दांची यादी घ्यायची. एकेक शब्द उच्चारायचा आणि समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. लागलेला वेळ सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत मोजायचा. बहुतेक उत्तरे चटकन येत. काही शब्दांवर मात्र माणूस अडखळे, किंवा पुन्हा विचारल्यावर स्वतःचे आधीचे उत्तर विसरे. अडखळायला लावणारे हे शब्द एखाद्या भावनेभोवती गुंफलेले आढळत. अशा गुंत्याला युंग यांनी ‘कॉम्प्लेक्स’ म्हटले. मराठीतला ‘गंड’ तो हाच.

दडपलेल्या विचारांना मोजमापाचा आधार मिळाला, म्हणून १९०६ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १९०७ मध्ये ते पहिल्यांदा भेटले आणि कित्येक तास बोलत राहिले. १९१० मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटना स्थापन झाली, तेव्हा युंग तिचे पहिले अध्यक्ष झाले.

पण ‘लिबिडो’च्या अर्थावरून तडा गेला. फ्रॉइड यांच्या मते ती कामप्रेरणेची ऊर्जा होती. रुग्णालयातील अनुभवावरून युंग यांना प्रश्न पडला : ज्याचा सगळ्या जगातलाच रस संपला आहे, त्याची अवस्था केवळ कामप्रेरणेने कशी समजावणार? लिबिडो म्हणजे मनाची सर्वसाधारण ऊर्जा, असे त्यांनी १९१२ मध्ये मांडले. फ्रॉइड यांना हा सिद्धांताचा कणाच काढून घेण्याचा प्रकार वाटला. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी वैयक्तिक संबंध संपवले आणि १९१४ मध्ये युंग संघटनेतून बाहेर पडले. आपल्या मार्गाला त्यांनी विश्लेषणात्मक मानसशास्त्र हे नाव दिले. सर्व मानवांना समान अशी सामूहिक नेणीव आणि तिच्यातील आदिबंध या कल्पना त्यांनी पुढे विकसित केल्या. ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ ही विभागणी त्यांच्या १९२१ च्या ग्रंथाने रूढ केली. ‘न्यूनगंडा’तील न्यूनत्वाची कल्पना मात्र प्रामुख्याने आल्फ्रेड अॅडलर यांची. तेही १९११ मध्ये फ्रॉइड यांच्यापासून वेगळे झाले होते.

हा वाद प्रयोगाने का मिटला नाही? प्रतिसादाचा वेळ घड्याळाने मोजता येत होता, पण तो का लांबला याचे स्पष्टीकरण घड्याळ देत नव्हते. दोघांनी वेगवेगळे रुग्ण पाहिले आणि त्यावरून साऱ्या मानवजातीविषयी नियम बांधले. कोणाचा नियम चुकीचा ठरेल, अशी दोघांनाही मान्य असलेली कसोटी नव्हती.

शिक्षकांना यातून घेण्यासारखे बरेच आहे. आज अंतर्मुखता-बहिर्मुखता ही दोन खाणी न मानता एक पट्टी मानली जाते आणि बहुतेक माणसे तिच्या मधल्या भागात आढळतात. गप्प बसणाऱ्या मुलाला ‘अंतर्मुख’ म्हटले की आपला शोध थांबतो. त्याला नीट ऐकू येत नसेल, घरची बोली आणि वर्गाची भाषा वेगळी असेल, किंवा कशाची तरी धास्ती असेल. म्हणून शब्द वापरण्याआधी काही दिवस नुसती निरीक्षणे लिहून ठेवावीत : केव्हा गप्प, कोणासमोर गप्प, केव्हा बोलते. नाव त्यानंतर द्यावे, आणि पुढच्या निरीक्षणाने ते खोटे ठरले तर खुशाल पुसून टाकावे.