परदेशी शिक्षण : स्पेनमधील यजमान घरात राहताना

कटंगीची मुले नागपूरला, पुण्याला शिकायला जातात, यात आता नवे काही राहिलेले नाही. पुढची पायरी परदेशाची. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी यांच्या जोडीला आता स्पेनचेही नाव निघते. स्पॅनिश ही सुमारे २० देशांची राजभाषा आहे, त्यामुळे ती नीट आली तर स्पेनबाहेरही उपयोगी पडते.

स्पेनमध्ये भाषेचा अभ्यासक्रम घेतला की राहण्याचे साधारण दोन पर्याय समोर येतात. एक विद्यार्थी वसतिगृह आणि दुसरा यजमान कुटुंब, म्हणजे ठरलेले पैसे घेऊन विद्यार्थ्याला आपल्या घरात ठेवणारे स्थानिक कुटुंब. इथे घराघरांत पहिला प्रश्न निघतो की अनोळखी माणसांच्या घरी आपले मूल, त्यातून मुलगी, कशी ठेवायची? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते अटी लेखी ठरवल्या आणि आपण घरच्यांनी थोडा धीर धरला, तर भाषा शिकण्यासाठी यजमान घरासारखी दुसरी शाळा नाही.

आपल्याकडचे जुने उदाहरण

डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली वयाच्या १८ व्या वर्षी एकट्या अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीमधील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी त्या उतरल्या. ही ओळख ऐनवेळची नव्हती. गोपाळरावांचा पत्रव्यवहार एका अमेरिकी मासिकात छापून आला, तो वाचून कार्पेंटरबाईंनी स्वतःहून पत्र लिहिले आणि पुढे दोन-अडीच वर्षे पत्रे चालू राहिली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या (बंगाल) सभेत जाहीर सांगितले होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाल्यावर त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवली गेली आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली. परक्या घराशी नाते इतके जुळू शकते.

स्पॅनिश भाषेपुरते बोलायचे तर आपल्या शेजारच्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आहेत. हे क्रांतिकारक मेक्सिकोत गेले, तिथल्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि मक्यावर संशोधन केले. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने भित्तिचित्रात त्यांना रंगवले आहे.

आधी ठरवायच्या गोष्टी

यजमान घर हॉटेल नाही आणि नातेवाइकाचे घरही नाही. घर शक्यतो विद्यापीठ किंवा भाषाशाळेच्या यादीतूनच घ्यावे आणि पुढील गोष्टी लेखी मागाव्यात : खोली स्वतंत्र की दोघांत, दिवसातून किती जेवणे, कपडे धुणे आठवड्यातून किती वेळा, स्वयंपाकघर वापरता येईल का, घरात आणखी कोण राहते, किल्ली मिळेल का आणि तक्रार असल्यास संस्थेत कोणाला भेटायचे. घर बदलून मिळण्याची सोय आहे की नाही, हेही विचारावे. 'मेदिया पेन्सिऑन' म्हणजे न्याहारी आणि एक जेवण, 'पेन्सिऑन कोम्प्लेता' म्हणजे तिन्ही वेळचे. घर ठरले की निघण्यापूर्वीच मुलाने त्या कुटुंबाला दोन-चार पत्रे किंवा ईमेल लिहावेत. आनंदीबाईंनी तेच केले होते.

जेवणाचा प्रश्न

तिथे दुपारचे जेवण दोन-तीन वाजता आणि रात्रीचे नऊनंतर. सकाळची न्याहारी हलकी असते. शाकाहारी मुलांनी नुसते 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण मासे किंवा डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या त्यात धरल्या जातीलच असे नाही. 'नी कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन' असे तिन्ही सांगावे. मसुराच्या आमटीतही चवीला चोरिसो टाकण्याची पद्धत आहे. स्पेनमधला 'तोर्तिया' म्हणजे बटाटा घातलेले अंड्याचे जाड ऑम्लेट. मेक्सिकोत त्याच नावाची मक्याची भाकरी असते. अंडे चालते की नाही, हे अर्जातच लिहावे.

मराठी मुलाला असलेला फायदा

घरी मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, असे आपले मूल लहानपणापासून दोन भाषांत वावरते. तीच सवय इथे कामी येते. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून उच्चारतात. नामांना लिंग आहे, पण तिथे दोनच, आपल्याकडे तीन. 'मला कॉफी आवडते' याला स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात, रचना अगदी आपलीच. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ती उलटी वाटते. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले काही शब्दही ओळखीचे निघतात. पाव म्हणजे 'पान', बटाटा म्हणजे 'पाताता' आणि 'पागार' म्हणजे पैसे देणे, त्यावरून आपला पगार लक्षात राहतो.

'तू' हा शब्दही दोन्हीकडे एकच. आदरार्थी 'उस्तेद' आहे, पण स्पेनमध्ये घरची आजीसुद्धा 'मला तू म्हण' असे सांगते. तो उद्धटपणा नव्हे, आपलेपणा आहे.

टेबल आणि टेलिफोन

जेवण झाल्यावर स्पॅनिश माणसे लगेच उठत नाहीत, तिथेच बसून बोलत राहतात. याला 'सोब्रेमेसा' म्हणतात. भाषा खरी इथे येते. पुस्तकात न मिळणारे शब्द, विनोद, भांडण, राजकारण सगळे त्या टेबलावर असते.

आता वेळेचे गणित पाहा. भारत स्पेनच्या हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असतो. म्हणजे हिवाळ्यात आपण संध्याकाळी सातला दिवाबत्ती करून मुलाला फोन लावतो, तेव्हा तिथे दुपारचे अडीच वाजलेले असतात आणि सगळे घर जेवायला बसलेले असते. रोज त्या वेळी फोन केला तर मूल टेबलावर असून नसल्यासारखे होते. यजमानांना ते अपमानाचे वाटते आणि मुलाची भाषा मराठीतच राहते. म्हणून आपल्या रात्री नऊची वेळ ठरवावी, आठवड्यातून तीन दिवस. आईला हे जड जाते, याची आम्हाला कल्पना आहे. पण ज्या कामासाठी मूल गेले, ते काम त्या टेबलावरच व्हायचे आहे.

कागद आणि पैसे

९० दिवसांपेक्षा जास्त मुक्कामासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो. मुक्काम १८० दिवसांवर असेल तर पोलिसांचा चारित्र्य दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही द्यावे लागते. स्पेनमध्ये प्रत्येकाला वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात. आपल्या मुलाच्या नावातील वडिलांचे नाव तिथल्या अर्जात आडनावाच्या रकान्यात जाऊ शकते. पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि बँकेतले नाव अक्षरशः एकसारखे ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवरही नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्र भरताना वळता होतो, तो बुडत नाही. नियम बदलत असतात, म्हणून पाठवण्यापूर्वी शाखेत विचारावे. घराचे भाडे शक्यतो संस्थेच्या खात्यात भरावे. कोणी खासगी खात्यात आगाऊ रक्कम मागत असेल तर आधी संस्थेकडून खात्री करून घ्यावी आणि प्रत्येक पावती जपावी.

भाषेची तयारी मात्र इथूनच व्हावी. दिल्लीत इन्स्तितुतो सेर्वान्तेस आहे. या संस्थेच्या 'देले' परीक्षा ए१ पासून सी२ पर्यंत सहा पातळ्यांच्या असतात. निदान ए२ पर्यंत तयारी करून मूल गेले, तर पहिल्याच दिवशी टेबलावर त्याला मीठ मागता येईल आणि जेवण आवडले हेही सांगता येईल.