उंदराच्या गाठीतलं रक्त: चित्र नेमकं काय मोजतं?

‘नव्या औषधाने उंदरांमधल्या कर्करोगाचा रक्तपुरवठा तोडला’ अशा बातमीसोबत बहुधा दोन रंगीत चित्रं असतात. उपचाराआधी गाठ लालभडक, नंतर निळी. घरात कर्करोगाचा रुग्ण असलेला माणूस त्या रंगांवर आशा बांधतो, म्हणून त्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

गैरसमज: गाठ झपाट्याने वाढते, म्हणजे तिला रक्त भरपूर मिळतं.

गाठीला वाढण्यासाठी नव्या रक्तवाहिन्या लागतात, हे ज्यूडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं आणि ते खरं ठरलं. पण या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात, गळक्या असतात, कुठे दाट तर कुठे जवळजवळ नसतातच. ऑक्सिजन रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाइतकाही आत पोचत नाही. त्यापलीकडच्या पेशी मरतात. मधल्या पट्ट्यातल्या, अर्धपोटी जगणाऱ्या पेशींवर रेडिएशनचा परिणाम कमी होतो. त्यामुळे संपूर्ण गाठीची सरासरी काढली की सगळ्यात महत्त्वाची माहितीच पुसली जाते.

गैरसमज: जिथे लाल, तिथे रक्तप्रवाह जास्त.

रंग सॉफ्टवेअर भरतं. खरा प्रश्न त्यामागच्या आकड्याचा आहे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत उंदराच्या शेपटीतल्या शिरेत गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचतात आणि दर काही सेकंदांनी एमआरआयची प्रतिमा घेतात. द्रव्य गाठीत किती वेगाने उतरतं, यावरून ‘के-ट्रान्स’ हा आकडा गणिताने काढला जातो. या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: रक्त किती येतं, आणि वाहिनी किती गळते. के-ट्रान्स निम्मा झाला, तर प्रवाह घटला की गळती थांबली, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच जाणते संशोधक दुसऱ्या पद्धतीचीही जोड देतात. अल्ट्रासाउंडसाठी वापरले जाणारे सूक्ष्म बुडबुडे साधारण तांबड्या पेशीएवढे असल्याने वाहिनीबाहेर पडत नाहीत. एमआरआयच्याच दुसऱ्या एका पद्धतीत रक्तातल्या पाण्यावर चुंबकीय खूण करतात. तिथे द्रव्य टोचावंच लागत नाही.

शिवाय उंदराला भूल द्यावी लागते. भुलीने रक्तदाब आणि शरीराचं तापमान उतरतं, आणि औषध न देताही गाठीतला प्रवाह बदलतो. उपचार न केलेल्या उंदरांचं त्याच भुलीखाली, त्याच तापमानाला केलेलं स्कॅन शेजारी नसेल, तर माझ्या मते त्या रंगीत चित्राला काही किंमत नाही.

गैरसमज: प्रवाह घटला, म्हणजे औषध जिंकलं.

कॉम्ब्रेटास्टॅटिनसारख्या औषधाने गाठीचा मधला भाग काही तासांत रक्ताविना पडतो. कडेची पातळ पट्टी मात्र शेजारच्या निरोगी वाहिन्यांवर जगते आणि तिथूनच गाठ पुन्हा वाढते. याच्या उलटही घडतं. आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी आणि हार्वर्डमधले संशोधक राकेश जैन यांनी 2001 मध्ये मांडलं, की रक्तवाहिन्यांवरची औषधं योग्य मात्रेत दिली तर वाहिन्या काही काळ सुधारतात, गळती कमी होते आणि केमोथेरपी आतपर्यंत पोचते. अशा वेळी प्रवाह टिकणं किंवा वाढणं हेच यश असतं.

गैरसमज: स्कॅनसाठी जास्त प्राणी मारावे लागतात.

उलट, एकाच उंदराचं उपचाराआधी आणि नंतर पुन्हापुन्हा स्कॅन करता येत असल्याने कमी प्राणी लागतात.

गैरसमज: उंदरात दिसलं, म्हणजे माणसातही दिसेल.

मे 1998 मध्ये फोकमन यांच्या एंडोस्टॅटिन या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या औषधाची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली आणि रुग्णांनी डॉक्टरांना फोन करून औषध मागायला सुरुवात केली. पुढच्या मानवी चाचण्यांत उंदरांसारखा परिणाम मिळाला नाही. उंदराच्या कातडीखाली रुजवलेली गाठ काही आठवड्यांत वाढते, माणसातली बहुधा अनेक वर्षांत. दोन्ही गाठींच्या रक्तवाहिन्या सारख्या नसतात.

अशी बातमी वाचून चालू उपचार थांबवू नका, बदलूही नका. कात्रण घेऊन आपल्या कर्करोगतज्ज्ञांकडे जा आणि या औषधाची माणसांवर चाचणी झाली आहे का, एवढं आधी विचारा.