१०८ ला फोन लागतो, पण गाडी वस्तीवर पोचेपर्यंत काय होतं? ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटर चालू करायला बॅटरी घेऊन अंधारात जावंच लागतं. बांधावर, पाटात, डाळिंबाच्या बुडात साप असतो. चावला की घरचे पहिला फोन १०८ ला करतात, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव कोणतं, जवळची खूण काय? इकडं माणूस तळमळतोय आणि हे काय विचारत बसलेत, म्हणून लोक चिडतात. काहीजण फोन कट करून टाकतात.

हा फोन आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात वाजत नाही. तो पुण्याला, १०८ च्या कंट्रोल रूमला जातो. पूर्ण महाराष्ट्राचे फोन तिथंच येतात. तिथं बसलेल्या माणसाने तुमचं गाव बघितलेलं नाही. वडगाव, पिंपळगाव, शिरगाव ही नावं राज्यात किती ठिकाणी आहेत बघा. त्यामुळे तालुका-जिल्हा विचारल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही. पत्ता पक्का झाला की तो जवळच्या मोकळ्या गाडीला निरोप देतो. मग गाडीचा ड्रायव्हर किंवा डॉक्टर तुम्हाला फोन करतो. त्या वेळी तुमचा फोन बिझी नको. पण आपल्याकडे नेमकं तेव्हाच पाहुण्यारावळ्यांना फोन लावणं चालू असतं.

ही सेवा आपल्या राज्यात २०१४ साली सुरू झाली. देशात पहिल्यांदा ती आंध्र प्रदेशात २००५ ला आली होती. आपल्याकडे सुरुवातीला ९३७ गाड्या ठरल्या. त्यातल्या २३३ मध्ये व्हेंटिलेटरसारखी मोठी यंत्रं, बाकी ७०४ साध्या. राज्यात तालुके साडेतीनशेच्या वर. सरळ भागाकार केला तर तालुक्याला दोन-तीन गाड्या येतात, आणि त्यातल्या बऱ्याच शहरांकडे. आपला जत तालुका घ्या. शंभराच्या वर गावं, त्याशिवाय वाड्या-वस्त्या आणि मळे. एक गाडी पेशंट घेऊन सांगली-मिरजेला गेली की परत जाग्यावर यायला अर्धा दिवस जातो. त्या वेळेत पूर्व भागात दुसरी केस झाली तर गाडी कुठून येणार, हा खरा प्रश्न आहे. ड्रायव्हरवर ओरडून तो सुटत नाही.

सीमेवरच्या गावांचं अजून एक दुखणं आहे. मोबाईलला कर्नाटकच्या टॉवरची रेंज मिळाली तर १०८ तिकडच्या कंट्रोल रूमला लागू शकतो, कारण त्यांचाही नंबर १०८ च आहे. समोरून कन्नडात आवाज आला तर घाबरू नका. महाराष्ट्रातून बोलतोय म्हणून सांगा, नाहीतर जागा बदलून किंवा दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून लावा.

बाकीचे नंबरही माहीत असू द्या. बाळंतपणाची बाई आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी १०२, ती गाडी मोफत असते. पोलिसांसाठी आता ११२. ११२ चा फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून जिल्ह्याच्या पोलीस कंट्रोलला, मग गाडीला निरोप येतो. म्हणजे इथंही पत्ता नीट सांगणं आलंच.

वस्तीचा पत्ता सांगणं सगळ्यात अवघड. 'पाटलाच्या मळ्यात या' हे आपल्याला कळतं, पुण्याला कळत नाही. डांबरी रस्त्यावरची शाळा, देऊळ, पाण्याची टाकी, दूध डेअरी अशी खूण सांगायची आणि एक पोरगं मोटारसायकल घेऊन त्या फाट्यावर लाईट लावून उभं करायचं. प्रत्येक फाट्यावर वस्तीच्या नावाचा बोर्ड लागला तरी बरीच मिनिटं वाचतील. ग्रामपंचायतीला हा खर्च काही जड नाही.

साप चावला असेल तर गाडी येईपर्यंत कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. माणसाला चालवू नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका. दारात जीप असेल आणि १०८ ला वेळ लागतोय असं सांगितलं तर वाट बघत बसू नका. फक्त निघताना दवाखान्यात फोन करून सापाची लस आणि डॉक्टर दोन्ही आहेत का विचारा.

आता मागणीचं. 'गाडी वेळेवर येत नाही' असं तोंडी बोलून कोणी ऐकत नाही, कागद लागतो. ग्रामपंचायतीत एक वही ठेवा. फोन किती वाजता केला, गाडी किती वाजता आली, कुठून आली, आलीच नाही तर काय कारण सांगितलं, एवढंच लिहायचं. आशाताईंकडे असल्या नोंदी बऱ्यापैकी पाठ असतात, त्यांना विचारा. चार-सहा महिन्यांची वही हातात असली की साहेब लोकांची बोलण्याची पद्धत बदलते.

जोडीला माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात टाका. तालुक्यात १०८ च्या गाड्या किती, रात्री कुठं उभ्या असतात, वर्षभरात किती दिवस नादुरुस्त होत्या, फोन आल्यापासून पोचायला किती वेळ लागला, हे विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडं पाठवणं त्यांचं काम आहे. 'आमच्याकडे नाही' म्हणून परत द्यायचा नाही.

नुसतं 'अजून गाडी द्या' म्हटलं की निधी नाही हे उत्तर तयार असतं. आहे तीच गाडी रात्री तालुक्याच्या गावाऐवजी लांबच्या टोकाच्या आरोग्य केंद्रात उभी करा, ही मागणी जास्त पटण्यासारखी आहे. एका गावाने केली तर शेजारचं गाव भांडायला उठेल, म्हणून आठ-दहा गावांनी मिळून जागा ठरवायची आणि सगळ्यांनी एकच ठराव आपापल्या ग्रामसभेत घ्यायचा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. विषय अजेंड्यावर यायला आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठराव झाल्यावर सही-शिक्क्याची नक्कल तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि आमदार, तिघांनाही पाठवा.